प्रात्यक्षिक शेताचे दफ्तर उघडे हवे

आश्विन अर्धा सरतो, हस्ताच्या सरी पडून जातात अथवा पडावयाच्या राहून जातात, आणि महाराष्ट्राच्या पठारावरील शेतीत वर्षातील सर्वांत मोठी उलथापालथ सुरू होते. सोयाबीनच्या शेंगा पिवळ्या पडून काढणीला येतात. कपाशीची खालची बोंडे फुटू लागलेली असतात आणि वरची अद्याप हिरवी असतात. तूर कळ्यांवर येते. मूग-उडीद निघून मोकळ्या झालेल्या रानात रब्बी ज्वारीची तिफण चालते, आणि सोयाबीनच्या मागोमाग हरभऱ्यासाठी रान तयार करण्याची एकच घाई उडते. खरीप आणि रब्बी हे दोन हंगाम सरकारी कागदांवर निरनिराळे असले, तरी या दीडदोन महिन्यांत ते एकाच शिवारात बांधाला बांध लावून नांदत असतात. आणि जमिनीतला उरलासुरला ओलावा, तिच्यातील अन्नद्रव्ये आणि तिच्यावर पोसलेल्या किडी, हे सारे याच काळात एका पिकाकडून दुसऱ्या पिकाकडे जात असते. प्रात्यक्षिक शेत म्हणून जे क्षेत्र शासनाने, विद्यापीठाने, कृषी विज्ञान केंद्राने अथवा एखाद्या होतकरू शेतकऱ्याने राखलेले असते, त्याची योग्यता ठरविण्याचा खरा काळ माझ्या मते हाच होय. आणि ती ठरवावयाची, तर उभ्या पिकाचा डौल बाजूला ठेवून त्या शेतावर राखलेल्या नोंदवहीवरून ठरवावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

आज प्रात्यक्षिकाचे स्वरूप बहुधा असे असते. रस्त्यालगतचा चांगल्या मगदुराचा तुकडा निवडला जातो, त्यावर वाणाचे नाव, पेरणीची तारीख आणि खतांच्या मात्रा लिहिलेला फलक उभा राहतो, शेतदिनाच्या दिवशी मंडप पडतो, मान्यवरांची भाषणे होतात, आणि आलेला शेतकरी झाडाच्या फांद्या व शेंगा मोजून, मान डोलावून घरी जातो. हे सर्व निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. चांगले पीक डोळ्यांनी पाहण्याने उमेद वाढते, आणि उमेद ही शेतीतील काही लहान गोष्ट नव्हे. परंतु पाहुण्याला जे दिसते ते फळ असते, आणि त्या फळापर्यंत पोहोचताना दर आठवड्याला कोणी काय पाहिले, काय मोजले, कोणत्या आधारावर फवारणी केली अथवा करावयाची टाळली, हा जो खरा शिकण्यासारखा भाग, तो फलकावर येत नाही. १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र स्थापन झाले आणि आज अशा केंद्रांची संख्या सातशेच्या वर गेली आहे. त्यांच्यामार्फत दर हंगामात आद्यरेषीय पीक प्रात्यक्षिके घेतली जातात. एवढा व्याप मांडल्यावर त्यातून गावात मागे काय राहावे, याचा विचार व्हावयास नको काय?

पाहणे आणि मोजणे यांतील अंतर आपल्या मुलखाला नवे नाही. खरिपाचे पीक रुपयात किती आणे आले, हे ठरविण्याची आणेवारीची पद्धत येथे पिढ्यान्पिढ्या चालत आली. दशमान नाणी आल्यावर तिची पैसेवारी झाली, पन्नास पैशांच्या खालीवर दुष्काळाचा निवाडा होऊ लागला, आणि सप्टेंबरअखेर जाहीर होणाऱ्या पहिल्या आकड्याला तर सरकारी दफ्तरातच ‘नजरअंदाज’ असे प्रांजळ नाव आहे. अनुभवी माणसाची नजर ही मोलाची वस्तू आहे हे खरे. तथापि नजर बांधावर उभी राहते, बांधावरील पीक पाहते, आणि ज्याच्यासाठी अंदाज करावयाचा त्याच्या अपेक्षेने थोडीफार झुकतेही. १९४० नंतरच्या दशकात या नजरेला शिस्तीची जोड देण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत दोन मराठी संख्याशास्त्रज्ञ अग्रभागी होते: सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूरच्या संशोधन संस्थेत कापसावर काम करणारे वि. गो. पानसे. पीक-कापणी प्रयोगासाठी गाव कोणते, गावातले शेत कोणते आणि शेतातला कापावयाचा तुकडा कोणता, हे तिन्ही माणसाच्या पसंतीवर न सोपवता यादृच्छिक आकड्यांनी ठरवावे, म्हणजे पीक चांगले दिसेल तेथे दोरी टाकण्याचा मोह उरत नाही, हे त्यांच्या पद्धतीचे सार होय. त्या दोघांचा कृषी-कार्यकर्त्यांसाठीचा संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ मध्ये निघाला आणि पुढे कृषी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. धान्याच्या राशीसाठी आपण जी शिस्त पाऊणशे वर्षांपूर्वी स्वीकारली, तीच शिस्त त्या राशीला जन्म देणारी माती आणि तिच्यावर टपलेली कीड यांच्या बाबतीत गावपातळीवर अद्याप आलेली नाही. गाव नमुना बारा उघडून पाहावा: पिकाचे नाव, जलसिंचित वा अजलसिंचित क्षेत्र, पाण्याचे साधन, पडीक जमीन आणि शेवटी शेरा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पीक-पाहणी मोबाइलवरून स्वतः खातेदाराने नोंदविण्याची सोय झाली, ही गोष्ट स्वागतार्हच आहे, परंतु त्या पिकात कीड किती आणि जमिनीत ओल किती, यांना रकाना नाही. महसुलासाठी बनविलेल्या नमुन्यात तो असावा अशी अपेक्षाही करता येणार नाही. तो रकाना प्रात्यक्षिक शेताने भरावयाचा आहे.

या मोजदादीची किंमत काय असते, हे कपाशीच्या एका बोंडावरून कळेल. गुलाबी बोंडअळीची, म्हणजे आपल्याकडील जुन्या शेतकऱ्यांच्या भाषेतील शेंदरी बोंडअळीची, पहिली खूण फुलात दिसते. अळीने आतून पाकळ्या धाग्यांनी शिवून टाकल्यामुळे फूल उमलत नाही, मिटल्या गुलाबासारखे दिसते. त्याला डोमकळी म्हणतात. पुढे अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि तिने शिरण्यासाठी पाडलेले सूक्ष्म छिद्र बोंडाच्या वाढीबरोबर बुजून जाते. बाहेरून पाहणाऱ्याला बोंड हिरवेगार, टणक, निर्दोष दिसते. नखाने दाबून अथवा विळ्याने चिरून उघडले, तर सालीच्या आतल्या बाजूस बारीक फोड, पिवळसर डागाळलेले ओले तंतू आणि सरकीत तोंड खुपसून बसलेली गुलाबी अळी नजरेस पडते. म्हणून तज्ज्ञ सांगतात की, एकरातून निरनिराळ्या ठिकाणची वीस हिरवी बोंडे तोडून फोडावीत, आणि दोन बोंडांत अळी आढळली की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. तसेच कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, तरी तोच इशारा मानावा. या नियमात अवघड असे काहीही नाही. शाळेत जाणाऱ्या मुलालाही तो पाळता येईल. परंतु वीस बोंडे तोडणे म्हणजे हाती येऊ घातलेला कापूस आपल्या हाताने तोडणे, आणि ते शेतकऱ्याच्या जिवावर येते. तेथेच प्रात्यक्षिक शेताचा उपयोग सुरू होतो, कारण शेजाऱ्यांच्या वतीने ती बोंडे फोडून दाखविण्यासाठीच ते शेत राखलेले आहे.

२०१७ चा खरीप विदर्भ-मराठवाड्यातील कोणीही कापूस उत्पादक विसरला नसेल. दोन जनुकांचे बीटी वाण २००६ पासून शेतात आले होते, त्यांनी अळीची चिंता मिटली असा समज दृढ झाला होता, बियाण्याच्या पाकिटासोबत मिळणाऱ्या बिगर-बीटी बियाण्याच्या आश्रय-ओळी लावण्याचा नियम बहुतेक ठिकाणी कागदावर राहिला होता, आणि डिसेंबर-जानेवारीनंतरही पाणी देऊन कपाशीची फरदड घेण्याच्या सवयीने किडीला वर्षभर आसरा मिळत गेला होता. गुजरातेत या अळीची प्रतिकारक्षमता त्यापूर्वीच दिसून आली होती. तरीही ज्या मोसमात बोंडे फुटण्याऐवजी किडकी निघू लागली, त्या मोसमात बहुसंख्य शेतकऱ्यांना संकट कळले ते वेचणीला गेलेल्या स्त्रियांच्या हाती चांगल्या कापसाऐवजी कवडी येऊ लागली तेव्हा. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती: विषारी औषधांची मिश्रणे, डोक्याच्याही वर गेलेली दाट कपाशी, संरक्षक साधनांचा अभाव. पण कोणती कीड, किती, आणि ती फवाऱ्याच्या टप्प्यात आहे की बोंडाच्या आत बसलेली आहे, हे न पाहता पंप पाठीवर घेण्याची रीत जेथे रुळली, तेथे माणसाच्या प्राणावर बेतणार हे उघड होते; आणि ज्याने पंप पाठीवर घेतला तो बहुधा शेताचा मालकही नसतो, हे लिहिताना मन विषण्ण होते.

मोजण्याने काय साधते, याचा पुरावाही याच राज्यात आहे. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा आणि तिच्या जोडीने उंटअळ्यांचा असा उद्रेक झाला की, विदर्भ-मराठवाड्यातील कित्येक शेते शिरांच्या जाळीपुरती उरली. त्या धड्यातून २००९ पासून राज्याने कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प हाती घेतला, जो क्रॉपसॅप या नावाने परिचित आहे. नेमलेल्या गावांत ठरावीक शेते निवडावीत, कीड सर्वेक्षकांनी ठरल्या दिवशी जाऊन ओळीच्या एक मीटर लांबीतील अळ्या मोजाव्यात, आकडे संगणकावर चढवावेत, विद्यापीठांतील तज्ज्ञांनी त्यांवरून सल्ला द्यावा आणि तो गावोगाव पोहोचवावा, ही त्यामागील तजवीज होय. तिची राष्ट्रीय पातळीवर वाखाणणी झाली ती योग्यच झाली. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. या साखळीत आकडा गावातून वर जातो आणि सल्ला वरून गावात येतो. आकडा मात्र गावात राहत नाही. सल्ला कसा निघाला हे न कळल्यामुळे शेतकरी तो हुकमासारखा ऐकतो, अथवा दुकानदाराच्या सल्ल्याशी तुलना करून बाजूला ठेवतो. ज्या शेतातील अळ्या मोजल्या, त्याच शेताच्या बांधावर, त्याच दिवशी, मराठीत, ठळक अक्षरांत तो आकडा लागला तर गावाला पुढील सल्ल्याची वाट पाहण्याचे कारणच पुष्कळदा उरणार नाही.

आकडा लावणे सोपे, खरा आकडा लावणे कठीण. कामगंध सापळ्यात एकही पतंग नाही, अशी नोंद झाली म्हणजे शिवारात पतंग नाहीत असे समजावे काय? सापळ्यातील ल्यूरची, म्हणजे पतंगांना ओढणाऱ्या गंधगोळीची, मुदत उलटून गेलेली असेल, पावसात पिशवी फाटली असेल, सापळा पिकाच्या उंचीप्रमाणे वर न उचलल्यामुळे पानांत बुडाला असेल, किंवा सर्वेक्षक त्या दिवशी आलाच नसेल. आणि या चारही परिस्थितींत कागदावर पडते ते तेच शून्य. म्हणून नोंदवहीत पतंगांच्या रकान्याशेजारी ल्यूर बदलल्याची तारीख, सापळ्याची स्थिती आणि मोजणाऱ्याची सही हे रकाने असलेच पाहिजेत, आणि ज्या दिवशी मोजणी झाली नाही त्या दिवशी ‘मोजणी नाही’ असे निर्भयपणे लिहिलेले असले पाहिजे. तसे लिहिल्याबद्दल कोणाची कानउघाडणी होता कामा नये, हे वरिष्ठांनी पाहावयाचे आहे. कारण रिकाम्या दिवसाला शिक्षा होते असे एकदा खालच्या कर्मचाऱ्याच्या ध्यानी आले की, वही नेहमीच भरलेली राहते आणि तिच्यावर विसंबणारा शेतकरी फसतो.

किडींइतकाच मान मित्रकिडींना दिला पाहिजे. ढालकिडा, त्याची अळी, क्रायसोपा, कोळी, परोपजीवी गांधीलमाश्या यांची मोजणी न करता केवळ शत्रूची मोजणी करणे म्हणजे अर्धाच हिशेब मांडणे होय. इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुडे कीटकनाशकांच्या माऱ्यानंतर कमी होण्याऐवजी अनावर झाले, कारण त्यांना खाणारे कोळी व अन्य जीव त्या माऱ्यात आधी मेले. १९८६ मध्ये तेथील शासनाने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांनी शेतातच बसून आठवड्याला झाडे तपासावयाची अशा शेतीशाळा सुरू झाल्या. आपल्या राज्यातही नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून व कृषी विभागाकडून शेतीशाळा घेतल्या गेल्या, हे समाधानाचे आहे. त्यांत ज्या स्त्रिया निंदणी, खुरपणी आणि वेचणीच्या निमित्ताने प्रत्येक झाडाजवळ पोहोचतात, त्यांना केवळ हजेरीपटावर न बसविता मोजणीचे काम आणि त्याचा मेहनताना दिला, तर इतकी बारकाईची नजर दुसरीकडे कोठेही मिळणार नाही, अशी माझी खात्री आहे.

आता मातीविषयी. सोयाबीन निघून हरभरा पडेपर्यंतचे जे थोडे दिवस, तेच मातीचा नमुना घेण्यास उत्तम. रान मोकळे असते, नवे खत पडलेले नसते. बांध, विहिरीची कड, झाडाची सावली, खताचे ढीग आणि जनावरे बसण्याची जागा वर्ज्य करून, नागमोडी चालीने आठदहा ठिकाणी वीसएक सेंटिमीटरपर्यंत खड्डे घेऊन, त्यांच्या बाजूची माती खरडून, एकत्र कालवून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत टाकीत शेवटी अर्धा किलो उरवावी, हे प्रत्येक पुस्तिकेत छापलेले असते. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुख्य, दुय्यम व सूक्ष्म अन्नद्रव्ये मिळून बारा घटक तपासले जातात. जिरायती भागात दहा हेक्टरांमागे एक नमुना असा तिचा मूळ आराखडा होता. पण एका शिवारात माळावरची मुरमाड हलकी जमीन आणि ओढ्याकाठची भारी काळी जमीन दोनशे पावलांत भेटतात. दहा हेक्टरांच्या सरासरीने दोन्हींपैकी एकीचेही चित्र उमटत नाही. प्रात्यक्षिक शेताने आपल्या गावच्या प्रत्येक प्रकारच्या जमिनीचा एकेक तुकडा पाळतीखाली ठेवावा, आणि तोच तुकडा, त्याच महिन्यात, वर्षानुवर्षे तपासावा.

वर्षानुवर्षे या शब्दावर माझा विशेष भर आहे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून गव्हाचे एक शेत सलग नोंदीखाली आहे, आणि त्यात अगदी आरंभापासून काहीही खत न दिलेली एक पट्टी मुद्दाम राखलेली आहे. बाकीच्या पट्ट्यांची किंमत त्या एका पट्टीमुळे कळते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही भारी काळ्या जमिनीवर ज्वारी-गहू या फेरपालटीचा दीर्घकालीन खतप्रयोग १९८८ पासून चालू आहे, आणि केवळ रासायनिक खतांपेक्षा त्यांच्या जोडीला शेणखत मिळालेल्या जमिनीत उत्पादन व सेंद्रिय कर्ब ही दोन्ही अधिक चांगली टिकतात, हे त्यातून वारंवार दिसले आहे. एका हंगामाच्या प्रात्यक्षिकातून हे कधीही दिसले नसते. सेंद्रिय कर्ब हा असा संथ बदलणारा घटक आहे की, त्याचे चढउतार ओळखण्यास माणसाला संयम आणि दफ्तर दोन्ही लागतात.

ओलाव्याची गोष्ट याहून निकडीची. सोलापूर, मंगळवेढा, अहिल्यानगरच्या पट्ट्यातील रब्बी ज्वारी ही वरच्या पावसावर येत नाही. परतीच्या पावसाने काळ्या मातीत साठविलेल्या ओलीवर येते. १९३० नंतर सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केले, ते वाहून जाणारे पाणी, मुरणारे पाणी आणि पिकाने घेतलेले पाणी यांचा हिशेब ठेवण्याचे काम होते, आणि बांधबंदिस्तीपासून पेरणीच्या अंतरापर्यंतच्या शिफारशी त्यातून निघाल्या. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी आजही त्या भागातील ताटात आहे. आश्विनात त्या काळ्या रानाला पहिल्या भेगा पडू लागतात. भेग दिसली की वरची ओल उडाली, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. परंतु एक फूट, दोन फूट, तीन फूट खाली काय शिल्लक आहे हे वरून कळत नाही, आणि ज्वारी पेरावी की करडई, की रान मोकळे ठेवावे, हा निर्णय त्या खालच्या ओलीवर अवलंबून असतो. प्रात्यक्षिक शेतावर मातीचा गिरमिट घालून दर आठवड्याला तीन खोलींवरची माती काढावी, ओली व वाळवून अशी दोनदा वजन करावी, आणि तो फरक फलकावर लिहावा. यास तराजू, भट्टी आणि एक कर्तव्यदक्ष माणूस यांपलीकडे काही लागत नाही. २०१६ च्या केंद्रीय संहितेने दुष्काळ ठरविण्याच्या निकषांत जमिनीतील ओलाव्याला स्थान दिले आहे. मग ज्या ओलाव्यावर गावाची मदत ठरू शकते, तो गावात कोणीतरी प्रत्यक्ष मोजलेला असणे हे खातेदारांच्या हिताचेच नव्हे काय?

उपग्रहाचे छायाचित्र आणि स्वयंचलित संवेदक आल्यावर या हातमोजणीची गरज काय, असे विचारले जाईल. त्या साधनांचा मी आदर करतो. ती विस्तीर्ण प्रदेश एका दृष्टिक्षेपात दाखवितात. पण बोंडाच्या आतील अळी उपग्रहाला दिसत नाही, आणि संवेदकाने दिलेला आकडा खरा की खोटा हे पडताळण्यास शेवटी गिरमिट हाती धरावाच लागतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कृषी सहायकांच्या अंगावर आधीच इतक्या योजनांचा भार आहे की, नवी वही म्हणजे नवा छळ. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि म्हणूनच ही वही त्यांच्या गळ्यात न बांधता, प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या मंजूर खर्चातच मोजणी करणाऱ्या गावकऱ्याच्या मजुरीची तरतूद करावी, असे माझे सुचविणे आहे. बियाणे आणि खत यांसाठी अनुदान मिळते. पाहण्यासाठी मिळत नाही. ही तफावत दूर करणे मंत्रालयातील एका परिपत्रकाने साध्य होण्यासारखे आहे.

तेव्हा कृषी आयुक्तालयास, चारही कृषी विद्यापीठांस आणि कृषी विज्ञान केंद्रांस माझी विनंती अशी की, येत्या रब्बीपासून प्रत्येक प्रात्यक्षिक शेतावर फवारणी न केलेली व खत न दिलेली एक पट्टी राखावी, ती राखणाऱ्या शेतकऱ्यास तिच्या नुकसानीची भरपाई द्यावी, साप्ताहिक मोजणीचा फलक बांधावर व ग्रामपंचायतीच्या दारात लावावा, आणि हंगाम संपल्यावर ती वही रद्दीत न घालता गावच्या दफ्तरी किमान दहा वर्षे जतन करावी. आणि शेतकरी बंधुभगिनींस विनंती एवढीच की, पुढच्या शेतदिनाला जाल तेव्हा पीक पाहून झाल्यावर ती वही पाहावयास मागा.